गाडीवेड्या मुलाला नेरळहूनच वर न्यावे

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

पावसाळा सरला की नेरळ-माथेरानची मिनी ट्रेन पुन्हा सुरू होते आणि ठाणे, कळवा, वाशी, नेरूळ, पनवेल या सगळ्या पट्ट्यात दिवाळीच्या सुटीचे बेत ठरू लागतात. ज्या घरात गाडीवेडे मूल आहे, त्या घरासाठी हे पत्र. गाडीवेडे म्हणजे फलाटावर शिरलेली लोकल बारा डब्यांची की पंधरा हे मोजणारे, इंडिकेटरवरचे अक्षर पाहून गाडी कुठली ते सांगणारे, घरातल्या खुर्च्या एकामागे एक लावून ‘पुढील स्टेशन मुंब्रा’ असे पुकारणारे मूल. अशा मुलाला माथेरानला नेताना पुष्कळ पालकांकडून एक चूक होते. ती सोयीपोटी होते, त्यामुळे लक्षातही येत नाही.

घरची मोटार काढायची, नेरळचा घाट चढून दस्तुरी नाक्यावर उभी करायची, तिथून अमन लॉज स्थानकापर्यंत चालत जायचे आणि शटलने माथेरान गाठायचे. शटल चांगलीच आहे, पण ती धावते जेमतेम तीन किलोमीटर, पंधरा-वीस मिनिटे, दाट झाडीतून. चढ फारसा जाणवतही नाही. डोंगर चढण्याचे सगळे काम तोवर मोटारीने उरकलेले असते. ही रेल्वे बांधली ती डोंगर चढण्यासाठी, आणि मुलाला जे पाहायचे असते ते नेरळ ते अमन लॉज या सतराएक किलोमीटरांत आहे. तेवढे वगळले तर मुलाने गाडी पाहिली, रेल्वे पाहिली नाही. म्हणून सांगणे एकच: जाताना तरी नेरळहूनच गाडीत बसावे. वेळ जातो, पहाटे उठावे लागते, तिकिटाची धाकधूक असते. त्यावर काय करता येते ते पुढे लिहिले आहे.

आधी रेल्वेविषयी थोडे, कारण मूल विचारणारच. सर आदमजी पीरभॉय यांच्या घराण्याने हा मार्ग स्वतःच्या पैशाने बांधला. काम १९०४ मध्ये सुरू झाले, १९०७ मध्ये गाडी धावली, खर्च सोळा लाख रुपये. सल्लागार अभियंता होते एव्हरार्ड कॅलथ्रॉप, म्हणजे आपल्या बार्शी लाइट रेल्वेचेच कर्ते. मार्ग सुमारे २० किलोमीटरचा. नेरळ समुद्रसपाटीपासून साधारण ४० मीटरवर, माथेरान ८०० मीटरवर. म्हणजे २० किलोमीटरांत ७६० मीटर चढाई, सरासरी २६ मीटरला एक मीटर. सर्वांत तीव्र चढ मात्र २० ला १ असा आहे. बोरघाटात पुण्याच्या गाड्यांना कर्जतला मागून जादा इंजिने लावतात, तो घाट ३७ ला १ आहे. माथेरानचा चढ त्याच्या जवळजवळ दुप्पट, आणि इथे मागून ढकलणारे कोणी नाही. उटीची गाडी १२.५ ला १ असा चढ चढते, पण तिथे दोन रुळांच्या मधोमध दात्यांची पट्टी असते आणि इंजिनाचे दातेरी चाक तिच्यात अडकवून ती वर जाते. माथेरानला दाते नाहीत. लोखंडी चाक आणि लोखंडी रूळ यांच्यातल्या घर्षणावरच सगळा भार. म्हणून गाडी सावकाश जाते. हे कारण मुलाला आधी सांगून ठेवले तर ‘एवढी हळू का?’ ही कुरकुर होत नाही, उलट तेच मूल शेजारच्या प्रवाशाला समजावून सांगू लागते.

घरी दोन गोष्टी आदल्या आठवड्यात करून घ्याव्यात. फरशीवर खडूने दोन समांतर रेघा माराव्यात, मध्ये ६१ सेंटीमीटर अंतर. हे माथेरानचे गेज, म्हणजे दोन रुळांतले अंतर, दोन फूट. शेजारी आणखी दोन, १६७.६ सेंटीमीटर अंतराच्या. हे आपल्या लोकलचे ब्रॉडगेज, साडेपाच फूट. सहा-सात वर्षांच्या मुलाचे दोन पाय पहिल्या जोडीवर आरामात टेकतात, दुसऱ्या जोडीवर मोठ्या माणसालाही तारांबळ. गेज अरुंद असेल तर वळण जास्त आवळता येते, डोंगर कमी फोडावा लागतो, खर्च वाचतो, हे मग वेगळे शिकवावे लागत नाही. (हा खेळ फरशीवरचाच, खऱ्या रुळांजवळ नाही, हेही त्याच वेळी बजावावे.) दुसरे म्हणजे २० सेंटीमीटरची पट्टी घ्यावी आणि तिचे एक टोक एक सेंटीमीटर उचलून त्याखाली वही सरकवावी. ‘हा माथेरानचा चढ.’ दिसायला किरकोळ दिसतो. मग पट्टीवर खेळण्यातला डबा ठेवावा आणि सोडावा. ब्रेक कशाला लागतात ते कळते.

आणखी एक गोष्ट सांगायची राहू नये. चित्रांच्या पुस्तकांत ही गाडी वाफेची असते. प्रत्यक्षात वाफेची इंजिने १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला निवृत्त झाली, आता डिझेल इंजिन आहे. हे नेरळच्या फलाटावर कळले तर पाच वर्षांच्या मुलाचा हिरमोड होतो आणि पुढचा तासभर समजूत काढण्यात जातो. जुनी इंजिने जर्मनीच्या ओरेनस्टाइन अँड कोपेल कारखान्याची, एकूण चार, क्रमांक ७३८ ते ७४१. ७३९ क्रमांकाचे इंजिन दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात पाहायला मिळते. त्यांची खुबी अशी की तीन अ‍ॅक्सलपैकी, म्हणजे चाकांच्या जोड्या जोडणाऱ्या दांड्यांपैकी, मधला घट्ट बसवलेला, पण पुढचा आणि मागचा पोकळ. त्या पोकळ नळीच्या आत दुसरा अ‍ॅक्सल फिरे, त्यामुळे वळणावर कडेची चाके थोडी बाजूला सरकत आणि थोडी तिरपी होत. याला क्लिएन-लिंडनर रचना म्हणतात. एवढे नाव एकदा सांगितले की गाडीवेडे मूल ते जन्मभर विसरत नाही.

आता निघण्याविषयी. नेरळला कर्जत किंवा खोपोली लोकलने जावे. ठाण्याहून अंतर पन्नासेक किलोमीटर, वेळ तासाभराहून थोडा जास्त. नवी मुंबईकरांनी ट्रान्स-हार्बरने ठाण्याला यावे. वाशीहून अर्धा तास, पनवेलहून तासाभराच्या आसपास. ठाण्यात ९-१० क्रमांकाच्या फलाटांवरून पूल ओलांडून मुख्य मार्गाच्या फलाटावर यायला मूल आणि पिशवी सांभाळत दहा मिनिटे धरावीत. कर्जतच्या लोकल कल्याणच्या लोकलसारख्या चार-चार मिनिटांनी नसतात. एक चुकली की अर्धा तास गेला, आणि माथेरानची सकाळची गाडीही बहुधा गेली. नेरळहून नियमित हंगामात सकाळी दोनच गाड्या वर जातात, एक पावणेनऊ-नऊच्या सुमारास आणि दुसरी साडेदहाच्या आतबाहेर. पहिली धरायची असेल तर साडेसातपर्यंत नेरळला उतरलेच पाहिजे. म्हणजे ठाण्याहून सव्वासहाच्या आत, वाशीहून साडेपाचच्या सुमारास निघणे आले. वेळापत्रक हंगामाप्रमाणे बदलते, आदल्या दिवशी ताडून घ्यावे. रविवार शक्यतो टाळावा. एक तर तिकिटाला झुंबड, दुसरे म्हणजे मेगाब्लॉक, म्हणजे रुळांच्या कामासाठी काही तास गाड्या बंद. सकाळी जाताना तो आडवा येत नाही, दुपारी परतताना येतो.

लोकलचा हा तासही फुकट घालवू नये. ठाणे स्थानक हे स्वतःच रेल्वेच्या इतिहासातले पहिले पान आहे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेली चौदा डब्यांची गाडी साहिब, सिंध आणि सुलतान या तीन इंजिनांनी ओढत इथेच आणली. माथेरानचे नातेही ठाण्याशीच: १८५० मध्ये ही जागा हेरली ती ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांनी. गाडी सुटल्यावर मुंब्र्यापर्यंत डावीकडे खाडी, उजवीकडे पारसिकचा डोंगर. कल्याणला रूळ फुटतात, कसाऱ्याचे डावीकडे आणि कर्जतचे उजवीकडे. कल्याणनंतर उजवीकडची खिडकी धरावी. अंबरनाथच्या आसपास मलंगगड दिसतो आणि बदलापूर मागे पडले की माथेरानचा लांबलचक सपाट माथा. ‘आपण तिथे वर जाणार’ हे वांगणीलाच दाखवता येते.

मध्ये एखादी मालगाडी किंवा एक्स्प्रेस गेली तर इंजिनावरची अक्षरे वाचायला लावावीत. डब्ल्यू म्हणजे ब्रॉडगेज, ए म्हणजे एसी वीज, पी म्हणजे प्रवासी, जी म्हणजे माल. डब्ल्यूएपी-७, डब्ल्यूएजी-९ अशी नावे मुलाला तोंडपाठ असतातच, अर्थ पुष्कळदा ठाऊक नसतो. मग नेरळला मिनी ट्रेनच्या इंजिनावर एनडीएम हे वाचले की ते स्वतःच फोड करते: एन म्हणजे दोन फुटी गेज, डी डिझेल, एम म्हणजे प्रवासी आणि माल दोन्ही ओढणारे. अडीच फुटी गेजला झेड हे अक्षर असते. कालका-सिमल्याची इंजिने त्यामुळेच झेडडीएम.

तिकीट हा सर्वांत नाजूक भाग. नेरळच्या खिडकीवर तिकीट गाडी सुटण्याच्या साधारण पाऊण तास आधी मिळू लागते. गाडीला डबे सहाच, डबेही बुटके, त्यामुळे जागा शंभराच्या आसपासच असतात. सुटीच्या दिवशी रांग त्याहून लांब लागते. दोन मोठी माणसे असतील तर एकाने उतरल्याबरोबर रांगेत उभे राहावे आणि दुसऱ्याने मुलाला स्वच्छतागृहात नेऊन आणावे. डब्यात ही सोय नाही आणि प्रवास पावणेतीन तासांचा आहे. मग उरलेला वेळ फलाटावर. इंजिन शेडमधून येऊन डब्यांना लागताना पाहणे हा मुलासाठी निम्मा आनंद असतो. रांगेच्या नादात तो हुकू देऊ नये.

तिकीट मिळाले नाही तर काय, हे घरून निघतानाच मुलाला सांगून ठेवावे. ‘मिळाली तर नेरळहून, नाही मिळाली तर गाडी सुटताना पाहू, टॅक्सीने दस्तुरीला जाऊ आणि तिथून शटल.’ दोन्ही वाटा आधीपासून माहीत असल्या की रडारड होत नाही. ठरलेल्या क्रमात बदल झाला की ज्यांना फार त्रास होतो अशी मुले असतात, आणि गाड्यांचे वेड त्यांच्यात पुष्कळदा आढळते. त्यांच्यासाठी तर हा बेत कागदावर चित्रे काढून, एक आणि दोन असे आकडे घालून बरोबर न्यावा. भोंग्याचा आणि वळणावरच्या चाकांचा आवाज कर्कश असतो. आवाज सोसत नसेल तर कान झाकणारे हेडफोन घ्यावेत आणि इंजिनापासून लांबचा डबा धरावा.

डबा कुठला, याला आणखी एक कारण आहे. पहिल्या डब्यात इंजिनाची धडधड ऐकू येते, पण इंजिन दिसत नाही. शेवटच्या एक-दोन डब्यांतून वळणावळणाला आपलीच गाडी समोरून जाताना दिसते, इंजिनासकट. गाडीवेड्या मुलासाठी मागचा डबा कधीही चांगला. डावी खिडकी की उजवी, यावर भांडू नये. मार्ग इतक्यांदा उलटसुलट फिरतो की दरी दोन्ही बाजूंना आलटून पालटून येते. हात, डोके, मोबाइल खिडकीबाहेर अजिबात नको. लोकलमधली ‘डोके बाहेर काढू नका’ ही सूचना आपण सवयीने ऐकतो, पण इथे कापलेला कातळ खिडकीपासून काही ठिकाणी अगदी हातभर अंतरावर येतो आणि गाडी सावकाश असल्यामुळे मुलाला भीती वाटत नाही. धोका तिथेच आहे.

नेरळ सुटल्यावर थोडा वेळ गाडी मुख्य मार्गाच्या संगतीने जाते, मग डोंगराकडे वळते. पहिले स्थानक जुम्मापट्टी. एकच रूळ असल्यामुळे समोरून गाडी यायची असेल तर ती अशा स्थानकातच ओलांडता येते. सांधे, म्हणजे गाडीला एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणारी जोडणी, बदलताना दिसतात, ते मुलाला जवळून दाखवावे. पण खाली उतरायचे ते फलाटाच्या बाजूनेच आणि गार्डने सांगितले तरच. जुम्मापट्टीनंतर माउंट बेरीचे वळण येते. मूळ आराखड्यात इथे गाडी थांबवून उलट दिशेने ढकलावी लागेल अशी रचना होती. ती टाळण्यासाठी घोड्याच्या नालेच्या आकाराचा मोठा भराव घातला आणि रूळ त्यावरून फिरवले. मागच्या डब्यातल्या मुलाला इंजिन जवळजवळ उलट दिशेला जाताना दिसते ती ही जागा.

वळणे एकूण दोनशेहून जास्त आहेत, आणि प्रत्येक आवळत्या वळणावर चाके किंचाळतात. कारण सोपे आहे. एका अ‍ॅक्सलवरची दोन्ही चाके एकमेकांना घट्ट जोडलेली असतात, दोघांना सारख्याच फेऱ्या माराव्या लागतात. वळणावर बाहेरचा रूळ लांब, आतला आखूड. मग एका चाकाला थोडे घसरावेच लागते, शिवाय बाहेरच्या चाकाची कड रुळाच्या बाजूला घासते. तोच आवाज. स्थानकावर थांबल्यावर फलाटावरूनच रुळाची आतली कड पाहिली तर ती घासून चकचकीत झालेली दिसते. पानगळीच्या दिवसांत ओली पाने रुळावर पडली की चाक जागच्या जागी फिरते. त्यासाठी इंजिनाला चाकांपुढे वाळू सोडण्याची सोय असते.

पुढे, वॉटर पाइप स्थानकाच्या आधी, मार्गावरचा एकुलता एक बोगदा. तो इतका छोटा की त्याला ‘वन किस’ बोगदा असे नाव पडले. मुलाला सांगायला दुसरा खेळ बरा: अंधार सुरू झाला की मोजायला लागायचे आणि उजेड आला की थांबायचे. वरच्या टप्प्यात पेबच्या किल्ल्याकडची बाजू आणि कड्यावरचा गणपती दिसतो. रुळांवरून चालत तिथे जाणारे हौशी लोकही दिसतात. मूल विचारते, ‘ते कसे चालतात?’ उत्तर स्पष्ट द्यावे: तो गुन्हा आहे आणि वळणामागून येणारी गाडी दिसत नाही.

मुलाच्या हातात एक छोटी वही द्यावी. प्रत्येक स्थानकाची वेळ, इंजिनाचा क्रमांक, आणि फोनच्या जीपीएसवर दिसणारी उंची. वरच्या टप्प्यात नेटवर्क तुटते, पण जीपीएसला नेटवर्क लागत नाही. उंची मोजणारे अ‍ॅप घरीच उतरवून घ्यावे. वीस किलोमीटर दोन तास चाळीस मिनिटांत, म्हणजे ताशी साडेसात किलोमीटर, हे गणित तिसरी-चौथीचे मूल स्वतः करते. आपली सायकल याहून वेगात जाते हे कळल्यावरचा त्याचा चेहरा पाहण्यासारखा असतो.

पोटाचे पाहावे. वेग कमी असला तरी वळणे आणि डिझेलचा धूर यांमुळे काही मुलांना मळमळते. निघताना दूध-साखर, तळलेले काही देऊ नये. कोरडी पोळी, केळे, आलेपाकाची वडी चालते. प्लास्टिकची पिशवी आणि ओला रुमाल सहज हाताशी ठेवावा, तळाशी नको. वहीत फार वेळ खाली पाहिले की मळमळ वाढते, म्हणून लिहायचे ते थांब्यावरच. वर खाऊ उघडा धरू नये. माकडे पोरांच्या हातातूनच आधी ओढतात.

माथेरान स्थानक बाजारातच आहे. उतरल्यावर लगेच चालू लागू नये. इंजिन डब्यांपासून सोडवून दुसऱ्या टोकाला आणून जोडतात, ते पाहायला दहा-पंधरा मिनिटे फलाटावर बसावे. अमुक पॉइंट, तमुक पॉइंट असा आग्रह या सहलीत नकोच. गाडीवेड्या मुलाला पॉइंटांशी देणेघेणे नसते आणि पहाटे पाचला उठलेले मूल दुपारी तीनला गळून जाते. नगरपालिकेचे प्रवेशशुल्क लागते, सुटे पैसे ठेवावेत. मोटारींना गावात बंदी आहे, तांबडी माती उडते, पांढरे बूट घालू नयेत.

परतीचे तिकीट माथेरानच्या खिडकीवर वेगळे काढावे लागते. सात वर्षांखालच्या मुलासाठी एकाच बाजूचा पूर्ण प्रवास पुरे, असे आमचे स्पष्ट मत आहे. उतरताना शटलने अमन लॉज आणि दस्तुरीहून टॅक्सीने नेरळ. मोठ्या मुलाला मात्र उतारही गाडीनेच दाखवावा, कारण उतरण ही ब्रेकची परीक्षा असते. पूर्वी डब्याडब्यावर ब्रेकमन बसत आणि इंजिनाच्या शिट्टीच्या इशाऱ्यावर हाताने चाक फिरवून ब्रेक आवळत. मे २०१६ मध्ये लागोपाठ डबे घसरले आणि गाडी बंद झाली. त्यानंतर डब्यांना हवेचे ब्रेक आले.

गाडी बंद पडण्याची कारणेही मुलाला सांगायला हरकत नाही. २६ जुलै २००५ च्या पावसाने मार्ग वाहून नेला, तो २००७ मध्ये, म्हणजे शंभराव्या वर्षीच, पुन्हा सुरू झाला. २०१९ च्या पावसात पुन्हा रुळाखालची खडी आणि भराव गेला, आणि नेरळहून गाडी सुटली ती थेट २२ ऑक्टोबर २०२२ रोजी. दरवर्षी जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत नेरळ-अमन लॉज टप्पा बंदच असतो. रूळ तपासून पुरे झाले नाहीत तर तारीख पुढे जाते, म्हणून ऑक्टोबरच्या अखेरचा बेत हॉटेलचे पैसे भरून पक्का करू नये. पावसाळ्यात शटल चालू असते. मूल फारच मागे लागले असेल तर पुण्याचे जोशी मिनिएचर रेल्वे संग्रहालय हा पावसातला चांगला पर्याय आहे. खाली वाकून रुळांतली दरड उपसणारे, खडी भरणारे गँगमन गाडीतून दिसतात. त्यांना हात हलवायला मुलांना सांगावे. ते नसते तर या मार्गावर चाक फिरले नसते.

हा मार्ग २००५ पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहे. दार्जिलिंग, निलगिरी आणि कालका-सिमला यांना मान मिळाला, माथेरानला अजून नाही. तो मिळेल तेव्हा मिळो. तोवर रेल्वे प्रशासनाला तीन छोट्या विनंत्या. नेरळच्या मिनी ट्रेन फलाटावर मराठीत एक फलक लावावा: गेज, चढ, उंची, बांधल्याचे वर्ष, आणि मूल शेजारी उभे राहून मोजू शकेल असा दोन फुटी रुळाचा एक तुकडा. जागा किती शिल्लक आहेत याचा आकडा खिडकीवर दिसावा, म्हणजे रांगेत शेवटी उभ्या असलेल्या कुटुंबाला टॅक्सी कधी पाहायची ते वेळेवर कळेल. आणि गाडी रद्द होणार असेल, डबे कमी लागणार असतील, तर ते आदल्या संध्याकाळी सहापर्यंत जाहीर करावे, म्हणजे वाशीच्या घरात पहाटे साडेचारला मुलाला उठवायचे की झोपू द्यायचे हे रात्रीच ठरवता येईल.

आपले,
ठाणे व नवी मुंबईतील काही रेल्वेप्रेमी पालक